आरसी गाडीचा छोटा गिअर गेला: मोजायचा कसा, शोधायचा कसा, आणि नाहीच मिळाला तर बनवायचा कसा

मोटर घुंऽऽ करत फिरतेय आणि चाकं जागची हलत नाहीत. रिमोटवरच्या गाडीचा नाद असलेल्या प्रत्येकावर हा प्रसंग कधी ना कधी येतो. गाडी उघडली की आत पांढरा भुसा पडलेला असतो आणि नखाएवढ्या गिअरचे तीन-चार दाते साफ झडलेले असतात. गाडी नवी असेल तर सुटा भाग मिळून जातो. पण मॉडेल बंद झालं असेल, किंवा गाडीवर बनवणाऱ्याचं नावच नसेल, तर खरी शोधाशोध सुरू होते. बहुतेक जण इथे एक चूक करतात: गाडीच्या नावाने गिअर शोधत बसतात. गिअरला गाडीचं नाव माहीत नसतं. त्याची ओळख चार-पाच आकड्यांत असते. ते आकडे हातात आले की तोच गिअर कुठल्या तरी भलत्याच वस्तूतही सापडू शकतो.

आधी कारण शोधा

गाडी उचलून धरा, थ्रॉटल (वेगाची कळ) अगदी थोडा द्या आणि कान लावा. सलग खरखर येत असेल तर दाते झिजलेत किंवा झडलेत. प्रत्येक फेरीला एकदाच ‘टिक’ येत असेल तर मोटरच्या शाफ्टवरचा प्लास्टिकचा पिनियन, म्हणजे छोटा गिअर, बहुधा चिरलेला आहे. हा चकवा फार जणांना बसतो. आठ-दहा दात्यांचा प्लास्टिक पिनियन शाफ्टवर दाबून बसवलेला असतो, म्हणजे तो कायम ताणाखाली असतो. दोन दात्यांच्या मधल्या खाचेत, जिथे भिंत सगळ्यात पातळ असते, तिथे एक दिवस केसाएवढी चीर जाते. सगळे दाते शाबूत दिसतात, पण चिरेच्या जागी दोन दात्यांमधलं अंतर वाढलेलं असतं आणि समोरचा गिअर तिथे अडखळतो. भिंग लावून पाहा, किंवा पिनियन शाफ्टवर हाताने फिरवून पाहा. सहज फिरला तर निदान पक्कं. चीर सुपरग्लूने भरत बसू नका, एका बॅटरीपुरतीही टिकत नाही.

दाते झडलेले असतील तर त्यामागचं कारणही बघून घ्या. मोटरचे स्क्रू ढिले झाले होते का? बेअरिंग किंवा बुश (आस ज्यात फिरते ती नळी) झिजून आस डुगडुगतेय का? आत खडा शिरला होता का? आस बोटाने हलवल्यावर बाजूला सरकत असेल, तर नवा गिअर बसवूनही पंधरवड्यात तोच भुसा पुन्हा दिसेल.

आकडे काढणं

लागणारं सामान थोडं आहे: डिजिटल व्हर्नियर, भिंग, बारीक मार्कर आणि कागद. जुना फ्लॅटबेड स्कॅनर असेल तर उत्तमच.

पहिला आकडा दात्यांचा. एका दात्यावर मार्करने ठिपका द्या आणि तिथून मोजायला लागा. दोनदा मोजा, दोन्ही वेळा तेच उत्तर आलं पाहिजे. दाते झडलेले असतील तर उरलेल्या बुंध्यांवरून मोजता येतं. बुंधेही गेले असतील तर गिअर स्कॅनरच्या काचेवर पालथा ठेवा, शेजारी पट्टी ठेवा आणि ६०० डीपीआयवर स्कॅन करा. चित्र मोठं करून चांगल्या दहा दात्यांनी किती अंश व्यापलेत ते पाहा. दहा दाते ९० अंशांत बसले, तर पूर्ण गिअर ४० दात्यांचा.

दुसरा आकडा दात्याच्या आकाराचा, आणि सगळा घोळ इथेच होतो. मेट्रिक पद्धतीत याला मॉड्यूल म्हणतात, इंचांच्या पद्धतीत डायमेट्रल पिच, बोलताना नुसतं ‘पिच’. दोघांचं नातं सरळ आहे: मॉड्यूल म्हणजे २५.४ भागिले पिच. पिचचा आकडा जितका मोठा, तितका दाता बारीक. छोट्या खेळण्यांत बहुधा ०.५ मॉड्यूल असतं. हौशी गाड्यांमध्ये ६४, ४८ आणि ३२ पिच, तसंच ०.६, ०.८ आणि १ मॉड्यूल आढळतात.

मॉड्यूल काढायचं साधं सूत्र असं: बाहेरचा व्यास भागिले (दाते अधिक दोन). ४२ दात्यांच्या गिअरचा व्यास २१.९५ मिमी आला, तर २१.९५ ला ४४ ने भागा. उत्तर ०.४९९, म्हणजे मॉड्यूल ०.५.

हे सूत्र पिनियनवर मात्र वापरू नका, निदान त्याच्यावर विसंबू नका. त्याची दोन कारणं आहेत. पहिलं, दाते विषम असले की व्हर्नियरच्या एका जबड्याला एक दाता लागतो आणि दुसऱ्याला दोन, त्यामुळे व्यास कमी भरतो. ०.५ मॉड्यूलच्या ९ दात्यांच्या पिनियनचा खरा व्यास ५.५ मिमी असायला हवा, पण व्हर्नियर ५.३३ च्या आसपास दाखवेल. दुसरं, नेहमीच्या २० अंश दाबकोनात (दात्याच्या बाजूचा कल ठरवणारा कोन) १७ पेक्षा कमी दाते कापले की दात्याचा बुंधा आतून कोरला जातो. ते टाळायला बनवणारे दात्याचा आकार जरा बाहेर सरकवतात आणि व्यास सूत्रापेक्षा मोठा होतो. म्हणून माझी पद्धत अशी: लहान गिअरचे फक्त दाते मोजायचे आणि मॉड्यूल त्याच्या मोठ्या जोडीदारावरून काढायचं. एकमेकांत चालणाऱ्या दोन्ही गिअरचं मॉड्यूल सारखंच असतं.

जोडीदारही झिजलेला असेल तर आणखी एक युक्ती आहे, आणि ती मला सगळ्यात जास्त आवडते. व्हर्नियरच्या जबड्यांत चार दाते एकत्र पकडून माप घ्या, मग पाच दाते पकडून घ्या. जबडे दात्यांच्या टोकांना न लागता बाजूंना सपाट टेकले पाहिजेत, हलकेच डोलवून सगळ्यात कमी भरणारं माप धरा. दोन मापांतला फरक २.९५२ ने भागला की मॉड्यूल मिळतं. झीज दोन्ही मापांत सारखीच असल्याने वजाबाकीत उडून जाते. ही युक्ती साधारण ३० ते ५० दात्यांच्या गिअरला चार-पाच दात्यांवर चालते. दाते त्याहून कमी असतील तर दोन-तीन दात्यांवर घ्या. फरक १.४८ च्या जवळ आला तर ०.५ मॉड्यूल, १.५६ आला तर ४८ पिच, १.७७ आला तर ०.६ मॉड्यूल, आणि २.३५ च्या आसपास आला तर ३२ पिच किंवा ०.८ मॉड्यूल.

हे शेवटचं ‘किंवा’ चालतं, कारण ३२ पिच म्हणजे ०.७९४ मॉड्यूल. हौशी गाडीत तो ०.८ बरोबर बिनतक्रार फिरतो. ६४ पिच आणि ०.४ मॉड्यूलचंही तसंच. पण ४८ पिच म्हणजे ०.५२९, आणि तो ना ०.५ शी जुळतो ना ०.६ शी. डोळ्यांना फरक कळत नाही, हातात घेतल्यावर दाते एकमेकांत बसतातही. मी एकदा घाईत ४८ पिचच्या स्पर गिअरवर (पिनियनच्या मोठ्या जोडीदारावर) ०.६ चा पोलादी पिनियन चढवला. टेबलावर छान फिरला, जरा शिट्टी मारत होता एवढंच. दुसरी बॅटरी संपायच्या आत स्पर गिअरचे दाते असे गेले की तो घासून पॉलिश केल्यासारखा गुळगुळीत दिसत होता. तेव्हापासून कुठलाही अनोळखी गिअर वजाबाकी केल्याशिवाय मी बसवत नाही.

बाकी आकडे सोपे आहेत. भोकाचा व्यास मोजताना भोक नको, शाफ्ट मोजा. ते जास्त खात्रीचं. छोट्या १३० मोटरचा (हे मोटरच्या आकाराचे नंबर) शाफ्ट २ मिमी, ५४० मोटरचा ३.१७ मिमी म्हणजे अष्टमांश इंच, आणि मोठ्या ब्रशलेस मोटरींचा बहुधा ५ मिमी असतो. दात्यांची रुंदी, दांड्याची म्हणजे हबची उंची, आणि भोक गोल आहे की डी आकाराचं, हेही लिहून ठेवा. गिअर दुहेरी असेल, म्हणजे एकाच तुकड्यात मोठा आणि छोटा, तर दोन्ही भाग वेगवेगळे मोजा. दोघांचं मॉड्यूल सारखं असेलच असं नाही. दाते तिरके असतील तर तो हेलिकल गिअर आहे, आणि वरची सूत्रं त्याला जशीच्या तशी लागू पडत नाहीत.

गिअरच हरवला असेल तर

सेकंडहँड गाडीत हे हमखास होतं. दोन आसा आहेत, मधला गिअर गायब. घाबरायचं कारण नाही, कारण रिकामी जागाच उत्तर देते. दोन्ही आसांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजा आणि त्यातून दोघींच्या व्यासांच्या बेरजेची निम्मी वजा करा. हे झालं केंद्रांमधलं अंतर. त्याची दुप्पट करून मॉड्यूलने भागा, की दोन्ही गिअरच्या दात्यांची बेरीज मिळते. अंतर १३.५ मिमी आणि मॉड्यूल ०.५ असेल तर बेरीज ५४. उरलेला गिअर ४२ दात्यांचा असेल, तर हरवलेला १२ चा.

याच गणिताचा दुसरा फायदा म्हणजे पर्याय सुचतात. १२ चा मिळत नसेल पण १० आणि ४४ ची जोडी मिळत असेल, तर तीही त्याच जागेत बसेल. गाडीचा वेग थोडा कमी होईल आणि ओढ वाढेल. मोटर पुढेमागे सरकवता येत असेल तर तेवढं बंधनही नाही, दोन-चार दाते इकडेतिकडे खपून जातात.

कुठे शोधायचं

आता गाडीचं नाव विसरा आणि आकड्यांनी शोधा: मॉड्यूल, दाते, भोक, रुंदी. खेळण्यांचे सुटे प्लास्टिक गिअर बहुधा सांकेतिक आकड्यांनी विकले जातात आणि ती खूण एकदा कळली की काम सोपं होतं. ‘१०२ए’ म्हणजे १० दाते, २ मिमी शाफ्ट आणि ‘ए’ म्हणजे घट्ट बसणारं भोक. शेवटी ‘बी’ असेल तर भोक सैल, गिअर आसेवर मोकळा फिरणार. मोटरवर ‘ए’च लागतो. अशा मिश्र गिअरचं एक पाकीट घरात असलेलं बरं. जमलं तर प्लास्टिकच्या जागी त्याच मापाचा पितळी पिनियन घ्या, चिरण्याची भानगडच संपते.

दुसरा खजिना म्हणजे भंगार. बंद पडलेले प्रिंटर, स्कॅनर, डीव्हीडी ड्राइव्ह, कॅसेट प्लेअर, जुने सर्वो (स्टिअरिंग वळवणाऱ्या छोट्या मोटरी). प्रिंटर उघडला तर वीस-पंचवीस गिअर सहज निघतात आणि त्यातले बरेच अॅसिटलचे, म्हणजे चिवट आणि स्वतःच गुळगुळीत असलेल्या प्लास्टिकचे असतात. फक्त हेलिकल वेगळे काढा. मी प्रत्येक गिअर लहान पुडीत घालून वर मॉड्यूल, दाते आणि भोक लिहून ठेवतो. घरचे हसतात, पण तो डबा मला कितीदा तरी उपयोगी पडलाय.

दाते जुळतात पण भोक जुळत नाही, असं फार वेळा होतं. भोक मोठं असेल तर पितळी नळीचा तुकडा बुश म्हणून घाला. भोक लहान असेल तर लेथवर वाढवा. हातातल्या ड्रिलने वाढवलं की भोक केंद्रातून सरकतं आणि गिअर लंगडा फिरतो. दोन गिअर जोडून दुहेरी गिअर करायचा असेल तर चिकटवण्याच्या भरवशावर राहू नका, अॅसिटलला कुठलाच गोंद धड धरत नाही. दोन-तीन बारीक पिना किंवा स्क्रू आरपार घाला.

डिफरन्शियलच्या (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या भागाच्या) आतले शंकूसारखे बेव्हल गिअर मात्र संपूर्ण संच म्हणूनच घ्या. एक जुना आणि एक नवा अशी जोडी लावली की नवाही लवकर झिजतो.

बनवायचाच असेल तर

थ्रीडी प्रिंटर असेल तर हात शिवशिवतात, पण आधी एक हिशेब करा. दात्याची मधली जाडी साधारण मॉड्यूलच्या १.५७ पट असते. १ मॉड्यूलला ती १.५७ मिमी, म्हणजे प्रिंटरच्या ०.४ मिमी नोझलच्या (प्लास्टिक सोडणाऱ्या तोंडाच्या) जवळजवळ चार रेघा. ०.५ मॉड्यूलला फक्त ०.७८ मिमी, म्हणजे पुऱ्या दोन रेघाही नाहीत. त्यामुळे ०.४ च्या नोझलने १ मॉड्यूलच्या खाली जाण्यात फारसा अर्थ नाही. ०.२ चं नोझल लावून ०.६ ते ०.८ चे मोठे गिअर जमतात. पण ०.५ मॉड्यूलचा दहा दात्यांचा पिनियन घरच्या फिलामेंट प्रिंटरवर काढू नका, तो आपण विकतच घ्यावा.

चित्रासाठी फ्रीकॅड या सॉफ्टवेअरमध्ये इन्व्होल्यूट (ठरावीक वक्र बाजूंच्या दात्यांच्या) गिअरचं तयार साधन आहे. दाते, मॉड्यूल आणि दाबकोन भरला की आकार समोर येतो. दाते हाताने, त्रिकोणासारखे काढू नका. बाजूंच्या त्या विशिष्ट वक्रामुळेच गिअर एकसारख्या वेगाने फिरतो. गिअर आडवा छापा, थर ०.१ मिमीचे ठेवा, आतून पूर्ण भरीव ठेवा आणि दात्याच्या बाजू ०.०५ मिमीने आत घ्या. सगळ्यात खालचा थर पसरून दात्याच्या पायाशी कंगोरा येतो, तो बारीक कानशीने काढा, नाहीतर तेवढाच कंगोरा गिअर अडकवतो. भोक चित्रात किंचित लहान ठेवा आणि नंतर ड्रिल बिट हाताने फिरवून मापाला आणा. पीएलए हे नेहमीचं छापायचं प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि गरम मोटर तिथवर आरामात पोचते, तेव्हा ते फक्त माप तपासायला वापरा. खऱ्या गिअरला नायलॉन बरं, पण फिलामेंट आधी नीट वाळवून घ्या. बारीक दात्यांसाठी रेझिन प्रिंटर उत्तम आकार देतो, फक्त साधं रेझिन काचेसारखं तुटतं. चिवट प्रकारचं रेझिन वापरा आणि हातमोजे घाला. फाइल पाठवून लेझरने नायलॉनची पूड वितळवून छापून घेता येतं, लहान गिअरसाठी मला तोच मार्ग जास्त भरवशाचा वाटतो.

मूळ गिअरचे एक-दोनच दाते गेले असतील तर साचा करता येतो. चांगल्या चार-पाच दात्यांचा सिलिकॉन पुटीने ठसा घ्या, तो तुटक्या जागेवर सरकवून बसवा आणि पोकळीत इपॉक्सी भरा. असा दुरुस्त केलेला गिअर गाडीत घालायचा नाही, त्याच्यावरून पूर्ण साचा घ्यायचा आणि त्यात पॉलियुरेथेन रेझिन ओतायचं. प्लॅटिनम प्रकारचं सिलिकॉन वापरत असाल तर गंधक असलेली मॉडेलिंग क्ले त्याच्याजवळ आणू नका, सिलिकॉन चिकट राहतं आणि सगळा खटाटोप वाया जातो. ओतीव गिअर स्टिअरिंगला किंवा हलक्या गाडीला ठीक, मोटरच्या थेट समोर नाही.

धातूचा हवा असेल तर मिलिंग मशीन आणि डिव्हायडिंग हेड (वर्तुळाचे समान भाग पाडणारं साधन) असलेला माणूस गाठा. त्याला ‘असाच बनवून दे’ म्हणून तुटका गिअर देऊ नका, आकडे लिहिलेला कागद द्या. ४०:१ च्या हेडवर (हँडलच्या ४० फेऱ्यांत गिअरची एक फेरी) ४२ दात्यांसाठी हँडल दर वेळी ४० भागिले ४२, म्हणजे २१ भोकांच्या वर्तुळावर २० भोकं फिरवायचं. कापाची खोली मॉड्यूलच्या २.२५ पट. नेहमीचे कटर आठच्या संचात येतात आणि १२ दात्यांपासून सुरू होतात, म्हणून आठ-नऊ दात्यांचा पिनियन ऐकून तो नाही म्हणाला तर त्याचं बरोबर आहे. त्यासाठी दाते आधीच पाडलेली पितळी किंवा पोलादी सळई मिळते. घड्याळ दुरुस्त करणारे ती वापरतात. हवी तेवढी लांबी कापायची आणि लेथवर बरोबर मधोमध भोक पाडायचं.

बसवताना

जुना पिनियन स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, शाफ्ट वाकतो आणि मोटरचं झाकण फाटतं. छोटा पुलर (पिनियन सरळ ओढून काढणारं साधन) वापरा. नवा दाबून बसवताना शाफ्टच्या मागच्या टोकाला आधार द्या; मोटर नुसती टेबलावर ठेवून ठोकलीत तर सगळा जोर आतल्या बेअरिंगवर जातो. पितळी पिनियन आधी सोल्डरिंग गनने किंचित गरम केला की हलकेच सरकतो. ग्रब स्क्रूचा (बाजूने आवळायच्या बिनडोक्याच्या स्क्रूचा) पिनियन असेल तर स्क्रू शाफ्टच्या सपाट भागावरच आला पाहिजे, आणि त्याला थ्रेडलॉकचा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या द्रवाचा) एक थेंब. हा थेंब प्लास्टिकवर सांडू देऊ नका, काही प्लास्टिकना त्याने चिरा जातात.

मग दात्यांमधली फट. वहीच्या कागदाची अरुंद पट्टी दोन गिअरच्या मध्ये घाला, मोटर दाबून स्क्रू आवळा, गिअर फिरवून पट्टी बाहेर काढा. पट्टीवर चुण्या पडलेल्या पण ती फाटलेली नसेल तर फट बरोबर. गिअर एक पूर्ण फेरी फिरवून चार ठिकाणी तपासा. एका जागी घट्ट आणि समोरच्या जागी सैल लागला, तर गिअर किंवा शाफ्ट लंगडा आहे. फट सगळ्यात घट्ट जागेवर धरून लावा. उघड्या गिअरना ग्रीस लावू नका, धूळ चिकटून त्याचा पॉलिश पेपर होतो. बंद गिअरबॉक्समध्ये प्लास्टिकला चालणारं पातळ ग्रीस, तेही दात्यांवर फक्त ओलसरपणा येईल इतकंच.

पहिली पाच मिनिटं निम्म्या थ्रॉटलवर चालवा आणि झाकण उघडून पाहा. दात्याच्या मधोमध चकचकीत पट्टा दिसला तर जुळणी नीट बसली. पट्टा फक्त टोकाशी असेल तर मोटर किंचित आत घ्या, बुंध्याशी असेल तर बाहेर. आणि पांढरा भुसा दिसला, तर गाडी तिथेच थांबवून व्हर्नियर पुन्हा हातात घ्या.